दाराआडचं पान

१

सगुणच्या हार्डडिस्कने मान टाकली ती नेमकी भर लग्नसराईत, आणि तीही घरात लेकीचं लग्न तोंडावर आलेलं असताना.

सगुण म्हणजे गोव्यातल्या डिचोली बाजारातला जुना व्हिडिओवाला. पाळी, सुर्ला, पार वाळपईपर्यंत कुठल्याही घरात जा, कपाटातली लग्नाची सीडी त्याचीच निघायची. डोक्याने तापट, जिभेने तिखट. पण कॅमेरा खांद्यावर आला की गाभाऱ्यात उभा असल्यासारखा गप्प. अख्ख्या तालुक्याची लग्नं, मुंजी, जत्रा त्याने त्या एवढ्याशा डब्यात कोंबून ठेवल्या होत्या. दुसऱ्या डब्यात नक्कल करून ठेवा म्हणून त्याची लेक गौरवी कानीकपाळी ओरडत होती. "करता गो, फाल्यां करता," हे त्याचं ठरलेलं उत्तर. फाल्यां म्हणजे उद्या, आणि सगुणचा उद्या आजवर कुणी उगवलेला पाहिला नव्हता.

मग एका संध्याकाळी गडगडाट झाला, वीज गेली, धक्का देऊन परत आली, आणि डब्याने आत टकटक करून जीव सोडला.

दोडामार्गच्या निलेशचं बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने बरेच दिवस खटपट करून नव्या डब्यात मिळेल ते भरून दिलं.

"काका, देवाची कृपा समजा, बरांच कायतां गावलां," तो म्हणाला. "पण नावां सगळी गेली. आनि एका फायलीचे तुकडे दुसऱ्या फायलीत घुसलेत. तुमी आता एकेक उघडून बघा, खयची बरी नि खयची कुजकी."

"म्हणजे लग्न सुर्ल्याचें आनी नवरो वाळपयचो?"

"तसांच धरून चला," निलेश हसला.

सगुणला मात्र हसू आलं नाही. गिऱ्हाइकांचं काय, ती चार शिव्या घालून गप्प बसली असती. त्याला घोर होता तो वेगळाच.

त्याची बायको विमला जाऊन तीन पावसाळे झाले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की अख्ख्या तालुक्याच्या बायका ज्याने कॅमेऱ्यात धरल्या, त्याच्या स्वतःच्या बायकोचं चित्रण म्हणावं तर कुठंच नव्हतं. कॅमेरा दिसला की ती पदर तोंडावर घेऊन रांदणीत, म्हणजे स्वयंपाकघरात, पळायची. फोनसुद्धा बटणांचा, साधा. त्यात कसला आवाज साठणार? आणि हार्डडिस्क गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जेवता जेवता गौरवीने हात थांबवला.

"पप्पा, एक सांगूं? आईचो आवाज म्हाका आठवना जाला."

सगुणने मान वर केली.

"तोंड आठवता. हात आठवतात. भात वाढच्या आदीं टोपाच्या काठार डवली आपटायची, ती टकटकसुद्धां आठवता. आवाज मात येना." तिचे डोळे भरून आले होते. "तुमच्या त्या डब्यांत खंय तरी आसतली मू ती? कोणाक तरी हाक मारताना? लग्नाआदीं एकदां आयकूंक जाय."

"सोदून काडटा," सगुण म्हणाला. यावेळी त्याने फाल्यां म्हटलं नाही.

गौरवी डावखुरी. चारचौघांत डाव्या हाताने जेवायची लाज, म्हणून पंगतीत ती उजव्या हाताने कसंबसं उरकायची. घरात मात्र विमला तिचं पान उलटं वाढायची. लोणचं-चटणी उजवीकडे, भाजी डावीकडे, म्हणजे लेकीच्या हाताला सोपं. विमला गेल्यापासून घरात असं उलटं पान कुणी वाढलं नव्हतं.

२

काम चालायचं ते घराच्या मधल्या कुडीत, म्हणजे खोलीत. घर डिचोलीहून पाळीकडे जाणाऱ्या वाटेवरचं. खनिजाचे ट्रक चालू झाले की ओसरीवर तांबडी धूळ बसते, पण त्या मधल्या कुडीला खिडकीच नाही, त्यामुळे तिथे ना धूळ ना उजेड. कौलात बसवलेल्या एका काचेतून दुपारी उन्हाचा एक कवडसा खाली उतरतो तेवढाच. पडद्यावर झगमगाट येत नाही म्हणून सगुणने विमला गेल्यावर टेबल, कॉम्प्युटर सगळं तिथेच मांडलं होतं.

शितावरून भाताची परीक्षा, ही त्याची तपासायची रीत. फाईल उघडायची, सुरुवात बघायची, मध्ये उडी मारायची, शेवट बघायचा. बरी निघाली तर नाव द्यायचं, कुजकी निघाली तर बाजूला टाकायची. गौरवी साखळी गावातल्या बँकेत कामाला गेली की दुपारभर घरात तेवढाच आवाज असायचा: सनई, बँड, मंगलाष्टकं, मध्येच कुणाचं तरी रडू, आणि वर पंख्याची घरघर.

सुर्ल्याचं लग्न उघडलं. अंतरपाट धरलेला, भटजींनी तोंड उघडलेलं. तेवढ्यात चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि पापणी लवायच्या आत पडद्यावर अंधार आला. अंधारात समई आणि जमिनीवर मांडलेलं केळीचं पान. लगेच परत नवरी, हार, टाळ्या.

"घुसलो मेलो तुकडो," सगुण पुटपुटला, आणि फाईल कुजक्यांत टाकली.

मग वाळपईची मुंज. बटूच्या डोक्यावर अक्षता पडता पडता पुन्हा तीच समई, तेच पान. पाळीच्या हळदीत पुन्हा तेच. दर वेळी जरा जास्त वेळ टिकायचं. आणि त्या तुकड्यात आवाज नसायचा. म्हणजे आवाज बंद पडलेला नसायचा. बंद खोलीत असते ना, तशी शांतता ऐकू यायची.

हळदीच्या फायलीत त्याने चित्र थांबवून धरलं. पानामागच्या भिंतीत एक कोनाडा होता, वरचा काठ डाव्या बाजूला फुटलेला. सगुणने खुर्ची फिरवली. कोनाडा त्याच्या पाठीमागेच होता, आता त्यात इंटरनेटचा डबा ठेवलेला. काठ तसाच फुटलेला. म्हणजे पडद्यावरची कूड हीच, आणि पान मांडलं होतं ते आत्ता त्याची खुर्ची होती तिथेच.

त्याला आधी नवल वाटलं, मग आठवलं, आणि आठवल्याबरोबर जीव भांड्यात पडला.

त्यांच्या घराण्यात पितरांना पान दाखवायची एक रीत आहे. भाद्रपदातल्या म्हाळाला आणि घरात लग्न असलं की लग्नाआधी, भर दुपारी, कौलातली काच झाकून, ह्याच कुडीत समई लावून पान वाढायचं. मग घरातली थोरली बाई उंबऱ्यावर उभी राहून विचारते, "भितर कोण ना मू?" आत कुणी राहिलं नाही ना, याची खात्री. कर्त्या पुरुषाने सांगायचं, "कोण ना." मग दार ओढून बाहेरून कडी. जेवायला आलेल्यांना जेवू द्यायचं, आणि तोवर बाहेर बसलेल्यांनी ब्रही काढायचा नाही. उदबत्ती विझायच्या बेताला थोरली बाई खाकरते, दार उघडते आणि पान गाईला जातं.

विमलाच्या शेवटच्या म्हाळाला सगुणने नवा कॅमेरा आणला होता. नुसत्या समईच्या उजेडात तो कसं टिपतो हे त्याला बघायचं होतं. बाकी कुठे मिळणार असा अंधार? त्याने कोपऱ्यातल्या भाताच्या कोठीमागे स्टँड लावून कॅमेरा चालू ठेवला, वर पंचा टाकला, नि साळसूदपणे बाहेर येऊन उभा राहिला. विमलाने विचारलं. त्याने सांगितलं, कोण ना.

खोटं तर काही बोललो नाही, कॅमेरा म्हणजे काय माणूस आहे? असं तेव्हा त्याने मनाशी म्हटलं होतं. चित्रण बघायचं राहून गेलं. दिवाळीनंतर विमला आजारी पडली, आणि मग कसलं काय.

पण त्या फायलीच्या सुरुवातीला विमलाचा आवाज होता. कॅमेरा चालू असताना तिने उंबऱ्यावरून विचारलं होतं. सगुणने डोळे पुसले आणि फाईल शोधायला बसला.

३

सापडली ती दुसऱ्या दुपारी.

पंच्याची किनार पडद्यावर हलली. बाहेर माणसांची कुजबुज, भांड्यांचा आवाज, गौरवीचं कसलं तरी हसणं. आणि मग, अगदी स्पष्ट, किंचित घोगरा, कामाच्या घाईतला आवाज:

"भितर कोण ना मू?"

सगुणच्या तोंडून हुंदकाच फुटला. बायकोचा आवाज आपणही विसरलो होतो, हे त्याला आत्ता कळलं. पाठोपाठ त्याचा स्वतःचा आवाज, "कोण ना." दार ओढल्याचा, कडी लावल्याचा आवाज. मग शांतता.

फाईल तिथेच बंद करून तो उठला असता तर बरं झालं असतं. पण माणसाची जात, हातातलं सोडवत नाही. विमलाच्या आवाजानंतरची ती शांतताही त्याला तिचीच वाटली, आणि तो बघत बसला.

समई तेवत होती. पान भरलेलं, भाताची मूद, वडे, खतखत्याची भाजी, गोड मणगण्याची वाटी. उदबत्तीचा धूर सरळ वर चालला होता. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग धूर एका बाजूला झुकला, कुणी जवळून गेल्यावर झुकतो तसा. लगोलग चित्राचे चौकोन झाले. काळे, तांबडे, हिरवे चौकोन एकमेकांवर चढले, आणि निवळले तेव्हा पानावर कुणीतरी बसलेलं होतं.

बाई होती. कॅमेऱ्याकडे पाठ. डोक्यावरून पदर, मान खाली.

सगुणने पडदा बंद केला. कवडसा जमिनीवर होता तिथेच होता. वर पंखा घरघरत होता.

दुसऱ्या फायलीतला तुकडा, त्याने स्वतःला समजावलं. कुठल्या तरी पंगतीतली बाई येऊन ह्या पानावर बसली. लग्न सुर्ल्याचें, नवरो वाळपयचो. निलेशने सांगितलंच होतं की. पण मन चिंती ते वैरी न चिंती. कुठल्या पंगतीत अंधार असतो? आणि समईचा उजेड तिच्या लुगड्याच्या बरोब्बर समईकडच्याच बाजूला कसा पडतो?

लुगडं हिरवं होतं, बारीक पिवळ्या काठाचं. विमलाने त्या म्हाळाला नेसलेलं.

पण विमला तर बाहेर होती. दाराच्या ह्या अंगाला, त्याच्या शेजारी, तोंडाला पदर लावून गप्प बसलेली. हे त्याला लख्ख आठवत होतं. मग आत कोण होतं?

तो तसाच डबा घेऊन निलेशच्या दुकानात गेला. निलेशने फाईल लावली. कुजबुज, भांडी, विमलाचा प्रश्न, कडी. आणि चित्र तिथेच गोठलं.

"संपली," निलेश म्हणाला.

"फुडें आसा मरे."

"नाय हो काका. सुरवातीचो तुकडो तेवडो खरो. फुडे नुसती शून्यां भरलेली आसत. बघण्यासारख्या ह्याच्यात कायच नाय." त्याने सगुणच्या तोंडाकडे पाहिलं. "काकी काय ती? आवाज चांगलो इलो हां. तेवडो कापून घेवा."

सगुण हो म्हणाला. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. ताण, जागरणं, लग्नघर; डोळ्यांना दिसतं काहीबाही. आवाज मिळाला ना, बस्स झालं.

४

घरी येऊन त्याने आवाज कापला. आयुष्यभर हेच केलेला माणूस, त्यात काय मोठंसं? विमलाच्या प्रश्नाआधी एक काप, प्रश्नानंतर एक काप. मधला तुकडा वेगळा काढला आणि लावून पाहिला.

"भितर कोण ना मू?"

तुकडा तिथे संपायला हवा होता. संपला नाही. "कोण ना." दार. कडी. समई. पान. धूर झुकला, आणि ती बसलेली दिसली.

सगुणने पुन्हा कापलं. पुन्हा तेच. मग त्याने चित्र काढून टाकून नुसता आवाज ठेवला, तर आवाजातही कडीनंतरची ती बंद खोली उरली, आणि बऱ्याच शांततेनंतर पानावर पाणी शिंपडल्याचा आवाज आला. पान मांडलं की आधी पाणी शिंपडतात, तो.

तो ऐकल्यावर त्याला पुन्हा चित्र लावून बघितल्याशिवाय राहवेना. बाई तशीच पाठमोरी. पण तिच्या शेजारी आता दुसरं पान मांडलेलं होतं, ओलं, रिकामं. टोकाला फक्त मीठ.

त्या दिवसापासून सगुणला दुसरं काम सुचेना. लग्नाची खरेदी, आमंत्रणं, मांडववाला, सगळं बहिणीवर टाकून तो दुपारी कुडीत शिरायचा. प्रत्येक वेळी ठरवायचा की आवाज वेगळा काढायचा, कडीच्या आधीच थांबवायचं. आणि दर वेळी पुढे बघायचा. प्रत्येक खेपेला दुसऱ्या पानावर एखादा जिन्नस जास्त असायचा. मिठानंतर लिंबू. मग लोणचं, मग चटणी. वाढताना ती कधी दिसायची नाही. चौकोन यायचे, निवळायचे, आणि जिन्नस वाढलेला असायचा. तिची मान मात्र दर वेळी किंचित वळलेली असायची, दुसऱ्या पानाच्या बाजूला, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

त्याच्या मनाचा अर्धा भाग सांगत होता, पळ. उरलेला अर्धा म्हणत होता, आणखी थोडी वळू दे. तोंड दिसू दे. तीच असेल तर?

खतखत्याची भाजी वाढली गेली त्या दुपारी त्याच्या ते लक्षात आलं. लोणचं-चटणी पानाच्या उजव्या अंगाला होती. भाजी डावीकडे.

चित्र उलटं झालं असेल, आरशासारखं; असंही होतं कधी कधी. त्याने घाईघाईने कोनाडा पाहिला. फुटका काठ डावीकडेच होता. सुरुवातीला जाऊन पहिलं पान पाहिलं. ते सरळ होतं, रीतीप्रमाणे. उलटं होतं ते फक्त दुसरं.

ह्या घरात उलटं पान कुणाचं वाढलं जायचं, हे सगुणला कुणी सांगायला नको होतं.  पानावर आता मणगणंही होतं. राहिला होता तो फक्त भात, आणि भात वाढला की माणसाला हाक मारतात.

"पप्पा?"

गौरवी दारात उभी होती, खांद्याला पर्स तशीच. बँकेतून लवकर आली होती. सगुणने झटक्यात पडदा बंद केला.

"आईचो आवाज मू तो? हांवें भायल्यान आयकलो." तिचा चेहरा असा उजळला होता की सगुणला तिच्याकडे बघवेना.

"ना गो. दुसरीच कोण तरी. पाळयेची बाई."

"पप्पा, फट मारू नाकात."

"ना म्हळें ना! विमला ना ह्या डब्यांत. खंयच ना ती!" तो एवढ्या जोरात ओरडला की तिची पर्स खांद्यावरून घसरली.

तिने पर्स सावरली. जाता जाता दारात थांबली, त्याच्याकडे पाहून हळूच हसली, आणि निघून गेली. ते हसू सगुणला समजलं नाही. ती समजायची ते समजली होती. पप्पांना आवाज सापडलाय, आणि लग्नात आपल्याला अचानक ऐकवायचा त्यांचा बेत आहे.

त्याच संध्याकाळी सगुणने ती फाईल पुसली. कापलेले तुकडे पुसले, ज्या ज्या लग्नांत ती समई घुसली होती ती लग्नं पुसली. शेवटी अख्खा डबाच कोरा केला. बायकोचा जगातला शेवटचा आवाज आपल्या हाताने पुसताना तो लहान पोरासारखा रडला. पण लेकीपुढे आवाजाची काय किंमत? तेवढं त्याला नीट कळत होतं.

५

लग्नाआधीचं पान दाखवायचा दिवस आला.

सगुणची थोरली बहीण वत्सला त्यासाठी मयेहून चार दिवस आधीच येऊन राहिली होती. विमला गेल्यावर उंबऱ्यावर उभं राहायचा मान तिचा.

"बाय, हे खेपेक पान भायल्या वसरेर दाखोवया," सगुण म्हणाला.

"कूड बदलता? तुजें डोकें फिरलां रे?" वत्सलाने हातातली केळीची पानंच खाली ठेवली. "आमच्या आज्यान, बापायन ह्याच कुडींत दाखयलें. पितरांक वाट म्हायत आसा ती हीच. चेडवाच्या लग्नाक ती खंय सोदीत रावतलीं?"

"पुण, बाय..."

"पुण नाका नी बिण नाका. तुजी ती यंत्रां काड भायर."

त्याने काढली. कॉम्प्युटर, पडदा, कोनाड्यातला डबा, वायरी, सगळं. एक बल्ब होता तोही काढला, वरचा पंखा उतरवला. कोरा केलेला डबा अंगणातल्या बंबात आधीच जाळला होता. कोठीमागे हात घालून पाहिलं, कौलांकडे पाहिलं, जमीन पुसली. आवाज करू शकेल असं त्या कुडीत काही उरलं नव्हतं. समई, पान, भाताची कोठी आणि चार भिंती.

वत्सलाने पान वाढलं. एकच पान, सरळ, रीतीप्रमाणे. सगुणने ते डोळ्यांत तेल घालून पाहिलं.

बाहेर ओसरीवर सगळी जमली. घरची, शेजारची, आणि पेडण्याहून सामान पोचवायला आलेला गौरवीचा होणारा नवरा योगेश. हळदीच्या आधीची पिवळी साडी नेसून गौरवी दाराच्या अगदी जवळ बसली होती.

वत्सला उंबऱ्यावर उभी राहिली. "भितर कोण ना मू?"

सगुणने पुन्हा एकदा आत नजर फिरवली. कोपरे, कोठी, कोनाडा. "कोण ना," तो म्हणाला, आणि या वेळी ते पुरतं खरं होतं. त्याने स्वतःच्या हाताने दार ओढलं, कडी लावली.

सगळी गप्प बसली. रस्त्यावरून एक ट्रक गेला. अंगणात कावळा ओरडला. उदबत्तीचा वास फटीतून बाहेर येत होता. सगुण दाराला पाठ लावून बसला आणि वाट बघू लागला. वेळ जाईना. पण जात होता, आणि काही घडत नव्हतं, आणि हळूहळू त्याचा श्वास सैल झाला. वत्सला पदर सावरून खाकरायच्या तयारीत होती.

तेवढ्यात आतून, दाराला अगदी तोंड लावून, किंचित घोगरा, कामाच्या घाईतला आवाज आला.

"भायर कोण ना मू?"

वत्सलाचा हात तोंडाशी तसाच राहिला. योगेश इकडेतिकडे बघू लागला. शेजारच्या बायकांनी एकमेकींचे हात धरले. आणि गौरवी... गौरवीने बापाकडे पाहिलं. तिचे डोळे पाण्याने भरले होते नि ती हसत होती. एवढ्या दिवसांनी, एवढं लपवून, पप्पांनी शेवटी ऐकवलाच.

सगुणने जोरजोरात मान हलवली. हात पुढे केला, तिच्या तोंडावर ठेवायला.  पण तो पोचायच्या आतच तिने तोंड उघडलं.

"आसा गे आई," गौरवी म्हणाली. "हांव आसा."

आत पाणी शिंपडल्याचा आवाज झाला. मग थोडा वेळ कसलाच आवाज नव्हता. आणि मग टोपाच्या काठावर डवली आपटली, टक, टक. ह्या घरात तीन वर्षांत न ऐकलेली.

आत कुणी टोप नेला नव्हता. डवली नेली नव्हती. पानावरचा भात केव्हाच निवला असणार. पण दाराच्या फटीतून ताज्या, नुकत्याच उतरलेल्या भाताची वाफ बाहेर येत होती, आणि वळून फटीला डोळा लावला त्या एका क्षणात सगुणला समईच्या उजेडात दोन पानं दिसली. एकावर हिरवं लुगडं. दुसऱ्यापुढे रिकामा पाट.

गौरवी उठली. तिचा डावा हात कडीकडे गेला. सगुणने तो दोन्ही हातांनी धरला, सगळा जोर लावून, पाय उंबऱ्याला टेकवून. "गो बाये, ना! ना गो!" तो ओरडत होता. वत्सला देवाचं नाव घेत होती, योगेश धावत पुढे आला, त्यानेही तिला खांद्यांना धरलं. दोघे पुरुष, तरी तो हात तसूतसूने कडीकडे सरकतच होता.

गौरवीने मान वळवून बापाकडे पाहिलं. डोळ्यांतलं पाणी आटलं होतं. चेहरा शांत होता, जेवायला उशीर झालेल्या माणसाचा असतो तसा.

"सोडात, पप्पा," ती म्हणाली. "भात निवता."